अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी नीट होतेय का, हे ओळखायचं कसं?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणं टळत नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. गावात मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांना कुठे नेताच येत नाही अशी आजारी माणसं.

या स्थलांतराबद्दल तुम्ही बरंच वाचलं असेल. मुलांची शाळा सुटते, त्यावर हंगामी वसतिगृहं निघाली, त्याच्याही बातम्या झाल्या. पण लकवा मारलेले आजोबा किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली बारा वर्षांची मुलगी ज्या घरात आहे, त्या घरातली सांभाळणारी बाईच सहा महिने फडात असेल, तर मागे काय होतं? जे होतं ते चांगलं की वाईट, हे कोण बघतं?

थोडक्यात उत्तर, कुणी नाही. हॉस्पिटलची नोंदणी होते, तपासणी होते, तक्रार करायला जागा असते. घरात होणाऱ्या काळजीचं तसं काहीच नाही. ती मोजायची कशी, हेही आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. तेच आज समजून घेऊ.

कुणाबद्दल बोलतोय?

नुसता बीपी किंवा शुगर असलेल्या माणसाबद्दल हा लेख नाही. एकाच माणसाला एकाच वेळी अनेक गोष्टी लागतात, अशी ही माणसं आहेत. लकवा झालाय, त्यात शुगर आहे, लघवीला नळी घातलीय आणि बोलता येत नाही. ऊस भरलेल्या ट्रॉलीवरून पडून पाठीचा कणा दुखावलाय आणि कमरेखाली संवेदना नाही. आजीला विस्मरणाचा आजार आहे, ती रात्री उठून बाहेर जाते आणि दिवसा गोळ्या थुंकते. कॅन्सरचे उपचार संपलेत आणि डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" म्हणून सांगितलंय.

२०११ च्या जनगणनेनुसार बीडची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. ११ तालुके. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. म्हणजे अचानक काही झालं तर जायला जागा आहे. पण अशी माणसं हॉस्पिटलमध्ये काही दिवस असतात आणि घरी काही वर्षं. डिस्चार्ज कार्डवर गोळ्यांची नावं असतात. रात्री दोन वाजता कूस कुणी बदलायची, हे त्यावर नसतं.

"सेवा करतात का?" हा प्रश्न चुकतो

आपल्याकडे अशा घराबद्दल एकच चौकशी होते. सून बघते का? पोरगा लक्ष देतो का? उत्तर "हो, लई करतात" असं आलं की विषय संपतो. "नाही बघत" असं आलं की सून वाईट ठरते आणि विषय तिथेही संपतो.

पण माया आणि चांगली काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिवापाड प्रेम करणारी मुलगी वडिलांना झोपवूनच पेज भरवत असेल, तर ती पेज श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. उलट कुरकुर करत, तोंड वाकडं करून सगळं करणारी सून दर दोन-तीन तासांनी सासऱ्यांना वळवत असेल, तर त्यांच्या पाठीला जखम होण्याची शक्यता बरीच कमी. सासऱ्यांच्या मनाचं काय, हा प्रश्न उरतोच, त्याकडे नंतर येऊ. पण पाठीपुरतं बोलायचं तर सुनेला मार्क द्यावे लागतील.

आरोग्यसेवेचा दर्जा कसा मोजायचा, यावर अमेरिकेतले अभ्यासक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये एक मांडणी केली, जी आजही जगभर वापरतात. त्यांनी तीन गोष्टी बघायला सांगितल्या. हाताशी काय आहे, प्रत्यक्षात काय केलं जातं आणि त्याचा परिणाम काय झाला. घराला लावायचं तर असं, की बाज कशी आहे, पाणी-वीज आहे का, माणूस कोण आहे. मग तो माणूस दिवसभरात काय काय करतो. आणि शेवटी आजारी माणसाचं शरीर आणि मन कसं आहे. आपण बहुतेक वेळा पहिल्यावरच अडकतो. "एअर बेड आणलाय, सगळं केलंय." पण वीज गेली की एअर बेड बंद. शिवाय तो चालू असला तरी माणसाला वळवावं लागतंच.

शरीर काय सांगतं?

काळजी कशी चाललीय हे बघायचं तर सांभाळणाऱ्याची उलटतपासणी घेऊ नका. आजारी माणसाकडे नीट बघा. खूप काही कळतं, आणि त्याला डॉक्टर असावं लागत नाही.

सगळ्यात आधी त्वचा. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची हाडं आणि डोक्याची मागची बाजू. जिथे हाड गादीला टेकतं तिथे रक्त पोचत नाही आणि जखम सुरू होते. पुस्तकात याला शय्याव्रण म्हणतात, दवाखान्यात सगळे बेडसोर म्हणतात. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडा. क्षणभर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही पांढरं होत नसेल तर तो बेडसोरचा पहिला टप्पा समजतात. मात्र आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही अनेकदा. अशा वेळी हात लावून बघा. ती जागा बाजूच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते का? आणि हो, अशी जागा तेल लावून चोळायची नाही. घरोघरी नेमकं तेच केलं जातं, आणि त्याने आतलं नाजूक झालेलं मांस आणखी दुखावतं.

बेडसोर दिसला म्हणजे घरचे निष्काळजी, असा निकाल मात्र लगेच देऊ नका. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये उत्तम काळजी घेऊनही जखमा होतात. विचारायचा प्रश्न असा, की ती पहिल्यांदा कधी दिसली, त्यानंतर काय बदललं आणि आज ती मागच्या आठवड्यापेक्षा लहान आहे की मोठी? सांभाळणाऱ्याला हे सांगता आलं, तर तिथे कुणीतरी लक्ष ठेवून आहे.

दुसरं, खाणं आणि वजन. झोपून असलेल्या माणसाला वजनकाट्यावर उभं करता येत नाही. मग दंडाचा घेर मोजा. अंगणवाडीत लहान मुलांचा मोजतात तसाच, शिंप्याच्या टेपने, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच हाताच्या त्याच जागी. आकडा सलग दोन-तीन महिने कमी होत गेला तर काहीतरी बिघडलंय. भरवताना माणूस बसता आहे का, तेही बघा. ठसका लागतो का? जेवल्यावर अर्धा तास तरी पाठ उंच ठेवतात का? नाकातून नळीने अन्न देत असतील तरी हाच नियम.

पाण्याचा मुद्दा बीडमध्ये जरा जास्तच महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि अनेक गावं टँकरची वाट बघत असतात. झोपून असलेला माणूस तहान लागली तरी सांगू शकत नाही. काही घरांत तर मुद्दाम पाणी कमी देतात, कारण जितकं पाणी तितकी लघवी, तितकी धुणी. ज्या घरात हंडा दोन किलोमीटरवरून येतो तिथे याला क्रूरपणा म्हणायची माझी तयारी नाही. पण परिणाम बदलत नाही. लघवी गडद पिवळी होते, जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता होते, माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतो. म्हणून लघवीचा रंग बघा. नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली लटकवलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. थंडी वाजून ताप आला तर थांबायचं नाही.

तिसरं, हाताची मूठ. हे ऐकून गंमत वाटेल, पण लकवा झालेल्या माणसाची मूठ उघडून बघा. सहज उघडते का? तळवा स्वच्छ आहे का, की आत घाम साचून वास येतोय? नखं रुतलीत का? रोज सांधे हलवले नाहीत की ते आखडतात आणि पुढे उघडतच नाहीत. मूठ स्वच्छ असेल तर बाकीचंही बहुतेक वेळा ठीक असतं, असं मला वाटतं.

औषधांचं सोपं आहे. गोळ्या मोजा. एक तारखेला ३० आणल्या आणि रोज एक घ्यायची असेल तर १६ तारखेला सकाळी १५ उरायला हव्यात. जास्त उरल्या तर चुकतायत, कमी उरल्या तर दुप्पट जातायत. फिटच्या गोळ्यांत असा खंड पडला तर झटका येऊ शकतो. इन्शुलिन असेल आणि घरी फ्रिज नसेल, तर ते कुठे ठेवतात हे विचारा. पत्र्याच्या घरातल्या फळीवर ते खराब होतं. डबीत बंद करून ओल्या मडक्यात ठेवलेलं त्यापेक्षा बरं.

राहिली वेदना. ती आपल्याकडे सर्वात कमी मोजली जाते. "कण्हतात, पण वयच झालंय." बोलता न येणारा माणूस कपाळावर आठ्या, दात आवळणं, कूस बदलताना हात घट्ट धरणं, यातून सांगत असतो. २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कॅन्सरसारख्या दुखण्यात मॉर्फिन मिळणं कागदावर तरी सोपं झालं. त्यामुळे "यावर औषधच नाही" हे उत्तर मान्य करू नका.

मोजपट्ट्या आहेत, पण जपून

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट बार्थेल इंडेक्स नावाची मोजपट्टी वापरतात. १९६५ ची आहे. खाणं, आंघोळ, कपडे, शौच, लघवीवर ताबा, खाटेवरून उठणं, चालणं, जिना अशा १० गोष्टी आणि एकूण गुण १००. माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो हे त्यातून कळतं.

गडबड इथे होते. हा माणसाचा गुण आहे, काळजीचा नाही. लकव्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत गुण वाढत असतील तर छान. पण विस्मरणाच्या आजारात किंवा स्नायूंच्या आजारात गुण कमी होतच जाणार, तुम्ही काहीही करा. तिथे गुण घसरले म्हणून घरच्यांना दोष देणं म्हणजे पाऊस पडला नाही म्हणून शेतकऱ्याला बोलणं. अशा वेळी टाळता येण्यासारखं काय काय घडलं, तेवढंच मोजायचं. पडणं, भाजणं, बेडसोर, चुकलेली औषधं, परत परत हॉस्पिटलला न्यावं लागणं.

त्या माणसाला कुणी विचारलं का?

मघाशी सुनेचा आणि सासऱ्यांच्या मनाचा मुद्दा सोडला होता. स्वच्छ, कोरडा, पोट भरलेला माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असू शकतो. अंग पुसताना दार उघडं असतं, बाहेर पाहुणे बसलेले असतात. जेवायला काय हवं, रेडिओ लावायचा का, ओसरीवर नेऊ का, हे त्याला कुणी विचारत नाही. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल "हे" असं बोललं जातं.

हे तपासायचं तर त्या माणसाशी एकट्याने बोलावं लागतं. घरचे समोर असताना कुणीही "सगळं बरंय" असंच म्हणणार, कारण रात्री पाणी त्यांच्याच हातून प्यायचंय. शेतातून किंवा अंगणातून एक चक्कर मारून या असं घरच्यांना सांगा, आणि मग दोन-तीन साधे प्रश्न. रात्री गरज लागली तर कुणाला हाक मारता? येतात का? कुणाची भीती वाटते का? बोलता येत नसेल तर ठराविक माणूस जवळ आला की अंग आक्रसतं का, ते बघा. लहान मुलांच्या बाबतीत तर हे नक्कीच बघा.

सांभाळणारीचा हिशेब

बीडमध्ये काळजी घेणारी बहुतेक वेळा बाईच असते, आणि तिच्या शरीराची काळजी कुणी घेतलेली नसते. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. तेव्हा राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या काळात जिल्ह्यात ८२,३०९ महिलांचं सर्वेक्षण झालं आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यातल्याच कितीतरी जणी घरी कुणाला ना कुणाला उचलत, वळवत, बसवत असणार. ज्या बाईची कंबर आधीच गेलीय तिला ६० किलोचा माणूस दर दोन तासांनी वळवायला सांगणं सोपं, करणं अवघड.

सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजायला झारिट यांची २२ प्रश्नांची यादी वापरतात. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, राग येतो का, नातेवाइकांनी आणखी मदत करायला हवी असं वाटतं का, असे प्रश्न. एवढं नाही जमलं तरी एक विचारा, सलग चार तास झोप शेवटची कधी झाली? उत्तर "आठवत नाही" असं असेल तर त्या घरातली काळजी आज ठीक दिसत असली तरी फार दिवस टिकणार नाही.

बीडमध्ये दोनदा बघावं लागतं

घरच्या काळजीबद्दलची पुस्तकं गृहीत धरतात की सांभाळणारा माणूस वर्षभर तोच असतो. आपल्याकडे तसं नाही. समजा, ऑगस्टमध्ये कुणी एका घरी जाऊन पाहिलं. सून आहे, मुलगा आहे, आजोबांची पाठ स्वच्छ आहे, गोळ्या बरोबर आहेत. उत्तम शेरा. जानेवारीत त्याच घरी गेलात तर ६८ वर्षांची आजी, जिला स्वतःला गुडघ्याने उठवत नाही, ती एकटी आजोबांना सांभाळतेय आणि सोबतीला आठवीतली नात. घर तेच, बाज तीच, माया तीच. काळजी मात्र वेगळी.

म्हणून या जिल्ह्यात एकाच भेटीवरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. एकदा कोयते निघण्याआधी आणि एकदा संक्रांतीच्या आसपास, असं दोनदा बघितल्याशिवाय खरं चित्र कळत नाही. आणि निघण्याआधीची भेट जास्त कामाची, कारण तेव्हा काही बदलता येतं. रात्री कोण? आजी आजारी पडली तर कोण? नळी बदलायची तारीख कोणती आणि घेऊन जाणार कोण? गोळ्या संपल्या तर मेडिकलवाल्याला पैसे कोण देणार? हे एका कागदावर लिहून भिंतीला लावलं, शेजारच्या एका घराला दाखवून ठेवलं, आणि फडावरच्या मोबाइलवर त्याचा फोटो असला, तरी पुष्कळ. जाण्याआधी आजी आणि नातीसमोर दोनदा सगळं करून दाखवायचं आणि तिसऱ्यांदा त्यांना करायला लावायचं. हे शेवटचं फार कमी घरांत होतं. सगळे धरून चालतात की बघून बघून येतं.

आठवीतल्या नातीचा मुद्दा वेगळाच आहे. तिच्यावर रात्रीची जबाबदारी असेल तर ती काळजी कितीही नीट असली तरी चांगली म्हणता येत नाही, कारण तिची किंमत तिची शाळा आहे.

पगारी माणूस ठेवला तर?

मुलं पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीला असतील तर घरी एखादी मावशी किंवा मामा ठेवले जातात, कधी ओळखीतून, कधी ब्युरोमार्फत. इथे कायदा जवळपास गप्प आहे. महाराष्ट्रात दवाखान्यांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते, पण कुणाचं राहतं घर त्यात येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात सुधारणा करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. घरपोच काळजी देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची तरतूद त्यात होती. त्याचा कायदा झाला नाही.

इंग्लंडमध्ये घरी जाऊन काळजी देणाऱ्या संस्थांना केअर क्वालिटी कमिशन या नियामकाकडे नोंदणी करावीच लागते. तो पाच प्रश्नांवर तपासतो. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीने दिली जाते का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का, आणि संस्था नीट चालवली जाते का. त्यावरून शेरा दिला जातो आणि तो लोकांना बघता येतो. तिथेही सगळं आलबेल नाही. काळजी घेणारी माणसं घाईघाईत येऊन जातात ही तिथली जुनी तक्रार. म्हणून २०१५ च्या तिथल्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं, की अर्ध्या तासापेक्षा लहान भेट ठरावीक परिस्थितीतच चालेल.

आपल्याकडे नियामक नाही म्हटल्यावर तपासणी तुम्हालाच करायचीय. "नर्स आहे" असं सांगितलं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, संकोच करू नका. नर्स नसेल तर प्रशिक्षण कुठलं? "जनरल ड्युटी असिस्टंट" किंवा "होम हेल्थ एड" असे कौशल्य विकासाचे कोर्स आहेत. पण प्रमाणपत्रापेक्षा समोर करून दाखवायला सांगणं बरं. माणसाला खाटेवरून खुर्चीत कसं बसवाल? नळी निघाली तर काय कराल? (बरोबर उत्तर आहे, स्वतः परत घालणार नाही, फोन करीन.) ती सुट्टीवर गेली तर बदली कोण? आणि तिला किती पैसे मिळतात, हेही विचारा. ब्युरो अर्धे कापून घेत असेल तर ती दोन महिन्यांत जाईल आणि तुमच्या वडिलांना पुन्हा नवा चेहरा.

व्हिडिओ कॉलवर सगळं ठीक दिसतं, कारण कॉलच्या आधी चादर बदललेली असते. सांगून न येता कुणाला तरी पाठवा. शेजाऱ्यांना विचारा, रात्री आवाज येतो का.

सरकारी यंत्रणा घरापर्यंत येते का?

येते, पण मोजते वेगळंच. आशा ताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात चालताना तोल जातो का, खाणं-आंघोळ-कपडे यात दुसऱ्याची मदत लागते का, घरच्यांची नावं किंवा पत्ता विसरता का, असे प्रश्न असतात. म्हणजे अशी माणसं गावात कुठे आहेत, हे यंत्रणेला कळण्याची सोय आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि वृद्धांची व पॅलिएटिव्ह सेवा, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणारी सेवा, त्यांच्या कामात धरलेली आहे. केंद्राने त्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्येच आखला.

पण किती घरांना भेट दिली, किती जणांचं बीपी बघितलं, हे रजिस्टरमध्ये येतं. जखम भरली का, हे येत नाही. भेटींची संख्या हा दर्जा नव्हे. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं स्वतंत्र धोरण आणलं, देशात पहिल्यांदा, आणि घरी जाऊन सेवा देण्याचं काम पंचायतींकडे दिलं. प्रशिक्षित नर्स आणि गावातले स्वयंसेवक मिळून घरोघर जातात. त्यांचा खरा फायदा, माझ्या मते, तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो हा आहे. गेल्या वेळची पाठ ज्याने बघितली, त्यालाच या वेळचा फरक कळतो.

पैसे आणि कायदा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन गोष्टी आहेत ज्या फार जणांना माहीत नाहीत. कलम ३८ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरं कुणी, "जास्त आधाराची गरज आहे" असा अर्ज करू शकतं. मग मूल्यांकन मंडळाने ती गरज तपासून अहवाल द्यायचा असतो. आणि कलम २४ मध्ये अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये "आश्वासकिरणम" योजनेतून सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये दिले जातात. रक्कम लहान आहे, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाची आहे. आपल्याकडच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने १,५०० वरून २,५०० रुपये झाली. ती त्या व्यक्तीची. सून फडात न जाता घरी राहिली तर बुडालेल्या उचलीचा हिशेब त्यात कुठेच नाही.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टचा "निरामय" विमा एक लाखापर्यंतचा खर्च देतो. याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, आणि पालक हेळसांड किंवा छळ करत असेल तर अर्जावरून त्याला काढूही शकते.

म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं असेल तर २००७ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, आणि निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७, अचानक तब्येत बिघडली तर १०८. पण फडात गेलेल्या मुलाला "टाकून गेला" म्हणायचं का, हे ठरवताना त्याच्या डोक्यावरची उचल बघावी लागेल.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून कुणासाठी काय घेतलं, एअर बेड, कमोडची खुर्ची, की नुसतीच वाटलेली रक्कम, हे ग्रामसभेत विचारता येतं. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला ऊसतोडीची निम्मी घरं बंद असतात. २ ऑक्टोबरला बहुतेक लोक अजून गावात असतात, आणि पुढच्या सहा महिन्यांत कुणाच्या घरी कोण जाऊन बघणार, हे ठरवायलाही तेव्हा वेळ असतो.